विदर्भातल्या गावात प्रयोगशील बँडचे छोटे कार्यक्रम कसे करावेत

ओळखीची चाल आणि ठरलेला ताल सोडून थेट आवाजाशीच काम करणारा मित्रांचा बँड फक्त शहरातल्या कॅफेत किंवा महाविद्यालयाच्या सभागृहात वाजू शकतो, असा समज विदर्भातल्या लहान गावांत राहणाऱ्या तरुण वादकांमध्येही घट्ट बसलेला आहे. तो खरा नाही. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटके रात्ररात्र चालतात आणि वादक रंगमंचाजवळ बसून प्रत्यक्ष साथ करतात. वऱ्हाडात आणि वर्ध्याकडे खंजिरीच्या ठेक्यावरचे भजन तासन्‌तास ऐकले जाते. भीमगीतांना आणि कव्वालीला गावेच्या गावे जमतात. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणत मुली घरोघर फिरतात. इतके ऐकलेल्या माणसांना नवा आवाज केवळ नवा म्हणून खटकत नाही. तो कोठून निघतो आहे हे दिसले नाही आणि तो कधी संपणार हे कळले नाही, म्हणजे माणसे अस्वस्थ होतात आणि उठून जातात. पुढे वाद्यांपासून विजेपर्यंत जे काही सांगितले आहे, ते बहुतांशी या दोन अडचणी दूर करण्यासाठीच आहे.

वाद्ये आणि वस्तू

तीन किंवा चार जणांचा बँड पुरेसा असतो. त्याहून अधिक माणसे असली की प्रवास, जेवण आणि बसण्याची जागा यांची व्यवस्था यजमानावर पडते आणि पाच जणांना एकमेकांचे ऐकून वाजवणे ओट्यावरच्या गर्दीत कठीण जाते. प्रत्येकाने एक वाद्य किंवा वस्तू अशी निवडावी की जिच्यावर हात पडताना समोरच्याला दिसेल, आणि विजेवर चालणारे यंत्र संपूर्ण बँडमध्ये एक किंवा दोनच असावे. एकाने लॅपटॉपच्या पडद्याआड बसून सगळा आवाज काढायचा, ही मांडणी शहरात चालत असली तरी गावात मला ती पटत नाही, कारण समोर बसलेल्या माणसाला त्यात वादनच दिसत नाही.

वस्तूंच्या बाबतीत विदर्भातले घर आणि वावर अतिशय समृद्ध आहे. वखराची पास, म्हणजे त्याचे लोखंडी पाते, दोरीने टांगून लोखंडी सळईने वाजवली तर तिचा नाद बराच वेळ टिकतो आणि ती जेथे धरली जाते त्याप्रमाणे तो बदलतो. तांब्याच्या गुंडात, म्हणजे पाण्याच्या भांड्यात, पाणी कमी-जास्त केले की स्वर वर-खाली होतो. सुपात तुरीचे दाणे हळूहळू फिरवले की पावसासारखी सर उठते. मोठी परात व्हायोलिनच्या गजाने किंवा जाड दोऱ्याने घासली तर तिच्यातून लांब, कापरा स्वर निघतो. या वस्तू श्रोत्यांच्या रोजच्या हातातल्या असल्यामुळे त्यांचा अनोळखी आवाज ऐकताना माणसे पुढे सरकून पाहू लागतात. येथे एक काळजी मात्र घ्यावी. धान्य पायदळी येऊ देऊ नये, सूप पायाने सरकवू नये आणि पूजेतली घंटा, समई किंवा कलश वाजवायला घेऊ नये. वाजवून झाल्यावर दाणे कापडात बांधून परत द्यावेत.

लहान आवाज मोठा करायचा असेल तर पिझो चकतीचा काँटॅक्ट माइक सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा आहे. पितळी तळ असलेली सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची ही चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी अल्प किमतीत मिळते. तिला जाळीचे आवरण असलेली वायर डाखून जोडावी आणि चकती परातीला, पत्र्याला किंवा लाकडी पेटीला चिकटपट्टीने घट्ट बसवावी, म्हणजे हवेतला आवाज न पकडता ती वस्तूचे कंपन पकडते. पुष्कळ जण ही चकती थेट माइकच्या प्रवेशाला (इनपुटला) जोडतात आणि आवाज बारीक, किरकिरा आल्यामुळे निराश होतात. दोष चकतीचा नसतो. तिला साधारण १० लाख ओहम किंवा त्याहून जास्त रोध असलेला प्रवेश लागतो, तर माइकच्या प्रवेशाचा रोध काही हजार ओहमच असतो, आणि त्यामुळे खालचे सगळे स्वर गळून जातात. म्हणून ती गिटारच्या अँप्लिफायरला, मिक्सरवरच्या गिटारसाठीच्या प्रवेशाला किंवा लहानशा प्रीअँपला (क्षीण आवाज आधी वाढवणाऱ्या यंत्राला) जोडावी. हे एवढे केले तरी परातीचा खर्ज ऐकू येऊ लागतो.

हार्मोनियम गावोगाव मिळते आणि प्रयोगासाठी ती फार उपयोगी आहे. दोन-तीन पट्ट्यांच्या फटीत कागदाच्या घड्या खोचून त्या दाबलेल्या ठेवल्या की भाता चालू असेपर्यंत अखंड स्वर मिळतो, आणि भाता हळू केला की तोच स्वर श्वास घेतल्यासारखा क्षीण होत जातो. दुसऱ्याची पेटी असेल तर असे करण्यापूर्वी विचारावे. खंजिरी आणि डफ यांचे चामडे पावसाळ्यात ढिले पडते व उन्हाळ्यात ताणले जाते, त्यामुळे वाजवण्याआधी ते शेकण्यासाठी वेळ राखून ठेवावा. मोबाइलमधला सिंथेसायझर वापरायचा असल्यास तो तारेनेच जोडावा. ब्लूटूथ स्पीकरमधून आवाज जाणवण्याइतका उशिरा येतो आणि बोट पडणे व स्वर उमटणे यांतला संबंध तुटतो.

तुकडा कसा बांधावा

उत्स्फूर्त वाजवायचे असले तरी काय वाजवायचे याचा ठराव कागदावर असावा. दहा मिनिटांच्या तुकड्यासाठी मी सुचवतो तो साचा असा आहे: पहिली दोन-तीन मिनिटे पेटीचा एकच अखंड स्वर आणि त्यावर टाळांच्या कडा एकमेकींवर घासण्याचा आवाज, त्यानंतर पास किंवा परात, मग सर्वांनी मिळून वाढत जाणे, एकदम शांतता, आणि शेवटी खंजिरीची एक थाप. मधल्या भागात कोणी काय वाजवावे हे मोकळे ठेवावे, परंतु सुरुवात, शांतता आणि शेवट हे तिन्ही ठरलेले असावेत. घड्याळ सर्वांत कमी वाजवणाऱ्याच्या हाती द्यावे आणि त्याने मान हलवली की पुढच्या भागात जावे.

तालमीत सर्वांत जास्त वेळ शेवटाला द्यावा. चार जणांनी एकाच क्षणी थांबणे हे वाजवण्याहून अवघड आहे, आणि श्रोत्यांचा विश्वास नेमका तेथेच बसतो: हे लोक थांबायचे ठरवून थांबले, म्हणजे आधीचेही ठरवून वाजवत होते, असे त्यांना उमगते. तालीम मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी एकत्र ऐकावी. त्याच दिवशी ऐकल्यास प्रत्येक जण स्वतःचेच वाजवणे ऐकत राहतो. प्रत्येक तुकडा वीज नसतानाही पुढे नेता आला पाहिजे, म्हणून तालमीत एखाद्याने न सांगता मधेच बोर्डाचे बटण बंद करावे आणि बाकीच्यांनी न थांबता पत्र्यावर, पेटीवर आणि टाळांवर तुकडा पूर्ण करावा.

दुसऱ्यांच्या परंपरेतले काही घेताना सबुरी हवी. गोंड किंवा कोरकू गावातले गाणे आवडले म्हणून ध्वनिमुद्रित करून आपल्या तुकड्यात मिसळणे बरोबर नाही. ज्यांचे गाणे आहे त्यांना आधी भेटावे, ते केव्हा आणि कशासाठी म्हटले जाते हे समजून घ्यावे, आणि त्यांच्यापैकी कोणाला स्वतः येऊन वाजवायचे असेल तर त्यांना वाटा द्यावा. नकार मिळाला तर तो तेथेच मानावा. भजनाच्या किंवा भीमगीताच्या शब्दांची मोडतोड करणेही टाळावे, कारण त्या शब्दांशी माणसांची श्रद्धा आणि अस्मिता जोडलेली असते. कायद्याची बाजूही लक्षात असावी: भारतात लेखकाच्या हयातीत प्रकाशित झालेल्या रचनेवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निर्वाण १९६८ मध्ये झाले, म्हणजे त्यांच्या अशा रचनांची मुदत २०२८ च्या अखेरीपर्यंत आहे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मध्ये हौशी मंडळाने पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला सूट आहे, परंतु तिकीट लावले की ती लागू होत नाही. स्वतःचेच संगीत वाजवणाऱ्या बँडला हा प्रश्न मुळातच फारसा येत नाही आणि प्रयोगशील संगीताची ही मोठी सोय आहे.

जागा

वीस ते चाळीस श्रोते बसू शकतील अशी जागा पाहावी. जागेचा आवाज ऐकण्यासाठी तेथे दिवसा जाऊन मध्यभागी एक टाळी वाजवावी आणि तिचा प्रतिध्वनी किती वेळ रेंगाळतो हे ऐकावे. उघड्या भिंती आणि टिनाचे छत असलेल्या समाजमंदिरात टाळी बराच वेळ घुमते. तेथे जलद ठेके एकमेकांत मिसळून गोंगाट होतो, मात्र लांब स्वर आणि मोठ्या शांतता असलेले तुकडे तेथेच सर्वांत सुंदर लागतात. घुमणे कमी करायचे असल्यास मागच्या भिंतीला रिकाम्या पोत्यांचा बारदाना आणि घोंगड्या टांगाव्यात आणि खाली सतरंज्या अंथराव्यात. माणसे बसल्यावर आवाज आणखी मऊ होतो, हे तालमीच्या वेळी गृहीत धरावे.

खळ्यात किंवा घरासमोरच्या अंगणात अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो आणि तो परत फिरवायला भिंती नसतात. तेथे सुपातले दाणे किंवा टाळांचे घासणे दहा हातांपलीकडे पोचत नाही. उत्तर म्हणून स्पीकर वाढवण्याऐवजी श्रोत्यांना जवळ बसवावे, बँडने जमिनीवरच बसावे आणि त्याच्याभोवती अर्धवर्तुळ करावे. उंच मंचामुळे माणूस आपोआप दूर आणि मागे बसतो. घराची पाठीमागची भिंत वादकांच्या मागे आली तर आवाज पुढे ढकलला जातो, म्हणून ओसरी ही मला सर्वांत आवडती जागा आहे.

कापूस वेचून आणल्यावर भाव येण्याची वाट पाहत अनेक घरांत एक खोली कापसाने भरलेली असते. अशा खोलीत प्रतिध्वनी जवळजवळ उरत नाही आणि कुजबुजही स्वच्छ ऐकू येते, त्यामुळे ध्वनिमुद्रणासाठी ती विलक्षण जागा आहे. परंतु तेथे विजेचा बोर्ड, तापणारा अँप्लिफायर, दिवा किंवा विडी यांपैकी काहीही नेऊ नये. वर्षाचे पीक तेथे असते आणि एक ठिणगी पुरते. केवळ बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर आणि वीज न लागणारी वाद्ये न्यावीत, तीही घरमालक सोबत असतानाच.

देऊळ, विहार किंवा दर्गा यांच्या आवारात वाजवायचे असल्यास व्यवस्था पाहणाऱ्या मंडळींना तुकडा आधी ऐकवावा. शाळेचा व्हरांडा चांगला असतो, पण शाळा सुटल्यानंतर आणि मुख्याध्यापकांच्या लेखी होकारानेच तो घ्यावा.

दिवस आणि वेळ

तारीख ठरवताना दिनदर्शिकेपेक्षा वावराकडे पाहावे. पेरणी आणि निंदणाच्या दिवसांत कोणालाही फुरसत नसते. सोयाबीनच्या सोंगणीच्या आणि कापसाच्या पहिल्या वेच्याच्या दिवसांत बाया-माणसे अंधार पडेपर्यंत शेतात असतात. पूर्वेकडे धान कापणीचे दिवसही तसेच. तेंदूपाने तोडण्याच्या हंगामात गडचिरोली-गोंदियाकडची माणसे पहाटेच जंगलात जातात आणि संध्याकाळी पुडे बांधत बसतात. माझ्या मते पौष महिना उत्तम आहे, कारण लग्ने नसल्यामुळे बिछायत केंद्राच्या सतरंज्या आणि स्पीकर सहज मिळतात, थंडीमुळे यंत्रे तापत नाहीत आणि शेकोटीभोवती माणसे तशीही जमलेली असतात. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. दिवसभर तापलेल्या टिनाखाली संध्याकाळीही मोबाइल आणि लॅपटॉप तापून बंद पडू शकतात.

आणखी एक चौकशी करावी, जी बाहेरून येणाऱ्यांना सुचत नाही. हरभरा आणि गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत ज्या फीडरवर (वीजवाहिनीवर) कृषिपंपांना आलटून पालटून रात्रीची लाइन मिळते, तेथे त्या आठवड्यात कर्ते पुरुष रात्री शेतात असतात. गावात विचारून दिवसपाळीचा आठवडा निवडावा. दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस टाळावेत. जवळपास मंडईची जत्रा, शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा झाडीपट्टीचे नाटक असेल तर त्या रात्री कार्यक्रम ठेवू नये.

वेळ रात्री आठची असावी. स्वयंपाक आणि जेवणे उरकल्याशिवाय स्त्रियांना येता येत नाही, आणि ज्या कार्यक्रमाला स्त्रिया येऊ शकत नाहीत तो गावाचा कार्यक्रम झाला असे मी मानत नाही. बसण्याची जागा अशी ठेवावी की लहान मूल रडले तर आईला समोरून न जाता उठता येईल. नऊ वाजेपर्यंत संपवावे.

गावात मयत झाली तर कार्यक्रम पुढे ढकलावा, निदान तेरवी होईपर्यंत. हा निर्णय यजमानाने सांगण्याची वाट न पाहता आपणच कळवावा.

परवानगी

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार लाऊडस्पीकरसाठी लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाऊडस्पीकरच काय, वाद्येही वाजवता येत नाहीत. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी आहे. साध्या कागदावर तारीख, वेळ, जागा, स्पीकरची संख्या आणि दोन जबाबदार व्यक्तींची नावे लिहून, ग्रामपंचायतीचे ना हरकत पत्र जोडून, निदान आठ दिवस आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. स्पीकर अजिबात नसेल तरीही सरपंच आणि पोलीस पाटील यांना प्रत्यक्ष भेटून सांगावे; पोलीस पाटलांना दुसऱ्याकडून कळले तर पुढच्या वेळी दार उघडायला वेळ लागतो.

वीज

या भागात घाई करू नये, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. बँडची सगळी यंत्रे, म्हणजे गिटारचा अँप्लिफायर, मिक्सर आणि माइकचा अँप्लिफायर, एकाच प्लगमधून निघणाऱ्या एकाच बोर्डावर जोडावीत. एक यंत्र यजमानाच्या घरातून आणि दुसरे शेजारच्या घरातून घेतले, तर ती दोन घरे वेगवेगळ्या फेजवर असू शकतात. दोन फेजमधला दाब सुमारे ४०० व्होल्ट असतो, आणि अर्थिंग बिघडलेले असेल तर एका हातात गिटारच्या तारा असताना ओठ माइकच्या जाळीला लागणे प्राणघातक ठरू शकते. म्हणून ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक स्विच बसवलेला स्वतःचा बोर्ड बँडने बाळगावा. इतर कोणत्याही यंत्राआधी खर्च यावर करावा. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग निकामी होते, म्हणून वायरमनकडून ते तपासून घ्यावे आणि खड्ड्यात पाणी ओतावे. खांबावर आकडा टाकून वीज कधीही घेऊ नये, यजमानाने आग्रह केला तरीही.

स्पीकरमधून अखंड घरघर येत असेल तर ती बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचीच असते. दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फेरा तयार झाल्यामुळे ती येते आणि एका बोर्डावर सगळे आणले की पुष्कळदा थांबते. ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत गावोगाव दिसते. ती धोकादायक आहे आणि बँडमध्ये कोणालाही करू देऊ नये. गिटारची किंवा काँटॅक्ट माइकची लांब तार टाळून डीआय बॉक्स (लांब तारेत घरघर शिरू नये म्हणून मध्ये जोडायची डबी) वापरावा आणि आवाजाच्या तारा विजेच्या तारेला समांतर न नेता काटकोनात ओलांडाव्यात. स्वस्त इन्व्हर्टरची वीज गुळगुळीत लहरीची नसल्यामुळे त्यावर पेडल (आवाजाचे रूप बदलणारी, पायाने चालवायची डबी) आणि अँप्लिफायर घरघरतात.

संध्याकाळी गावातले सगळे दिवे, पंखे आणि पिठाची गिरणी एकदम सुरू झाली की व्होल्टेज खाली येते, म्हणून आवाजाची चाचणी दुपारी न करता प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या वेळेच्या आसपास करावी. शक्य असेल तेव्हा बॅटरीवरच वाजवावे. अ‍ॅनालॉग पेडल ९ व्होल्टच्या बॅटरीवर कित्येक तास चालते; आवाज मागाहून किंवा पुन्हा पुन्हा वाजवणारा डिजिटल डिले किंवा लूपर तीच बॅटरी लवकर संपवतो, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळी सोय हवी. भजनी मंडळांकडे असणाऱ्या अँप्लिफायरपैकी बरेचसे १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात आणि मागच्या बाजूला त्याची जोडणी असते. असा अँप्लिफायर आणि एक पेटी-स्पीकर चाळीस माणसांना पुरतो. भोंगा मात्र जोडू नये: तो मधलेच स्वर फेकतो, खर्ज आणि बारीक नाद खातो, आणि आपला आवाज ऐकायला न आलेल्या माणसाच्या घरात नेऊन पोचवतो. स्पीकर वादकांच्या शेजारीच, जमिनीपासून थोडा वर ठेवावा, म्हणजे परातीचा आवाज परातीच्याच दिशेने येतो.

प्रत्यक्ष कार्यक्रम

पहिल्या तुकड्यापूर्वी प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकदा वाजवून दाखवावी आणि आपण किती वेळ वाजवणार हे सांगावे. हे बोलणे गावाच्या बोलीत असावे: "आमी चार दोस्त आहो. हे पास होय, हे परात, हे पेटी. पाच मिन्टं वाजवतो आन् थांबतो. काई इचारायचं असन तं मंग इचारा." एवढे पुरते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग कंपनीच्या सिंथेसायझरसह इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला होता, हा इतिहास वादकांना अवश्य ठाऊक असावा, कारण त्यातून स्वतःच्या कामाबद्दल बळ मिळते. परंतु तो ओसरीवर सांगत बसल्यास ऐकण्याची उत्सुकता विझते.

पहिला तुकडा पाच मिनिटांहून मोठा नसावा. तो ठरल्याप्रमाणे संपला की माणसे सैल होतात आणि पुढचे दहा मिनिटांचे वादन धीराने ऐकतात. एकूण वादन पस्तीस मिनिटांत आटोपावे आणि उरलेला वेळ बोलण्यासाठी ठेवावा. मुले समोर येऊन बसतातच. त्यांना मागे हाकलू नये, उलट एका तुकड्यात सूप फिरवण्याचे किंवा हाताच्या खुणेवर टाळी देण्याचे काम त्यांना द्यावे. मुलांना शांततेची खूण आवडते आणि ती पाळताना ती मोठ्यांपेक्षा अधिक काटेकोर असतात.

"एखांदं गानं म्हना ना भाऊ," ही फर्माईश येणारच. त्यात उपहास नसतो, ओळखीच्या ठिकाणी टेकण्याची इच्छा असते. आपण गाणे म्हणत नाही हे नम्रपणे सांगून त्या माणसालाच त्याचे आवडते गाणे किंवा भजन म्हणण्याची विनंती करावी आणि बँडने त्याखाली फक्त एक अखंड स्वर धरावा. माझ्या अनुभवात संध्याकाळचा सर्वांत चांगला भाग पुष्कळदा असाच घडतो. "हे कायचं संगीत होय?" असे कोणी विचारले तर वाद न घालता परात त्याच्या हाती द्यावी आणि ती कशी घासायची ते दाखवावे. उठून जाणाऱ्याकडे पाहू नये. त्याला पहाटे दूध काढायचे असते.

गावातल्या भजनी मंडळाला आधी वाजवण्याचे निमंत्रण द्यावे आणि त्यांचे वादन बँडने समोर बसून पूर्ण ऐकावे. खंजिरीवर बोटांचा दाब बदलून स्वर वर-खाली कसा करायचा, हे जाणणारी वयस्क माणसे या मंडळांत असतात, आणि ते कसब कोणत्याही पेडलमध्ये मिळत नाही. ते सोबत वाजवायला तयार झाले तर ठराव त्यांना समजावून सांगावा, शेवटची थाप त्यांच्याकडे द्यावी.

पैसा, प्रवास आणि नंतरचे काम

श्रोत्यांकडून पैसे घेऊ नयेत. यजमान जेवण घालतात ते आनंदाने घ्यावे. एखाद्या मंडळाने बोलावले असेल तर गाडीभाडे आणि स्पीकरचे भाडे यांचा आकडा आधीच चिठ्ठीवर ठरवून घ्यावा. मानधन मिळाल्यास आधी बॅटऱ्या आणि तारा यांचा खर्च वजा करून उरलेले सर्वांत सारखे वाटावे, पेटी कोणाची आणि कल्पना कोणाची हा हिशेब मध्ये आणू नये. मैत्रीतले बँड बहुधा याच हिशेबावर तुटतात. एका वहीत प्रत्येक खर्च लिहावा आणि वही दरवेळी वेगळ्याने सांभाळावी.

प्रवासासाठी मुक्कामी एसटी सोयीची आहे: ती संध्याकाळी गावात येते, रात्री तेथेच थांबते आणि सकाळी परत निघते, त्यामुळे रात्री अकरा वाजता पेटी घेऊन फाट्यावर काळी-पिवळीची वाट पाहावी लागत नाही. सामान एवढेच न्यावे की चार माणसांना ते एका खेपेत उचलता येईल. पास, परात आणि गुंड शक्यतो त्याच गावातून मागून घ्यावेत. ओझे कमी होते आणि आपल्या घरची परात वाजणार म्हणून ते घर कार्यक्रमाला येते.

ध्वनिमुद्रणासाठी मोबाइल किंवा रेकॉर्डर श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत, जमिनीवर न ठेवता घडी केलेल्या घोंगडीवर ठेवावा. चित्रफीत इंटरनेटवर टाकायची असल्यास त्यात दिसणाऱ्या माणसांना आणि मुलांच्या आई-वडिलांना आधी विचारावे. सकाळी गाडी सुटण्यापूर्वी परात व गुंड स्वच्छ घासून ज्याचे त्याला पोचवावे, सतरंज्या झटकून मोजून बिछायत केंद्राला द्याव्यात, शेजारच्या दोन-तीन घरी आवाजाचा त्रास झाला का हे विचारावे आणि पोलीस पाटलांना कार्यक्रम वेळेत संपल्याचे कळवावे. त्याच गावात पुन्हा वाजवायचे असेल तर निदान एक हंगाम जाऊ द्यावा आणि येताना नवा तुकडा आणावा. मधल्या काळात पाच-सात कोसांवरच्या दुसऱ्या गावाची चौकशी आठवडी बाजारात करावी, कारण पहिल्या गावातले लोक तेथे येतात आणि बँडबद्दल जे काही सांगायचे ते तेच सांगतात.